एकतिसावा चिंचोका

माझ्या सासूबाईंनी बाप्तिस्मा घेण्याआधी एकच चौकशी केली होती. नरकात किती दिवस ठेवतात?

मी तेव्हा सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. "दिवस कसले, आई? कायमचं असतं ते," मी म्हणाले आणि मान वरसुद्धा केली नाही. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवत असे आणि सात सक्कं बेचाळीस ज्या खात्रीने सांगत असे, त्याच खात्रीने मी हेही सांगून टाकलं. सासूबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मगे रवांदे."

"राहू दे म्हणजे? काय राहू दे?"

"तो बाप्तिस्मो. रवांदे तो."

मला असा राग आला की सुपातला खडा न् तांदूळ मी एकाच डब्यात लोटला. तीन महिने मी त्यांच्यामागे लागले होते. चर्चच्या पाळकसाहेबांकडे शब्द टाकून आले होते. मंडळीत सगळ्यांना, कोणी विचारलेलं नसताना, सांगून ठेवलं होतं की आमच्या सासूबाई यंदा बाप्तिस्मा घेणार. आता खोटं कशाला बोलू, त्यांच्या आत्म्यापेक्षा मला माझ्या नावाचीच जास्त काळजी होती.

माझं माहेर नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. नरकाशी माझी ओळख लहानपणापासूनची. रविवारी भरणाऱ्या आमच्या शब्बाथशाळेच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. त्यात एक रुंद रस्ता होता आणि एक अरुंद. रुंद रस्त्यावर बँड, दारूची दुकानं, नटलेल्या बाया, आणि टोकाला आग. त्या आगीत कोण कोण जाणार याची माझी एक खाजगी यादी होती, आणि मी मोठी झाले तशी तीही वाढत गेली. परळला लग्न होऊन आल्यावर चाळीच्या नळावर माझी घागर बाजूला सारणारी तळमजल्यावरची बाई पहिल्याच आठवड्यात त्या यादीत जाऊन बसली. नरक मला कधी भीतीचा वाटलाच नाही. उलट मोठा आधार वाटायचा.

माझे यजमान मात्र मूळचे ख्रिस्ती नव्हते. मालवणकडच्या गिरणी कामगाराचा हा मुलगा. वडील वारल्यावर मिशनच्या दवाखान्यात बाटल्या धुवायला लागला, पुढे तिथेच कंपाउंडर झाला आणि विसाव्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनी नाव टाकलं. आईने टाकलं नाही. "झील तो झीलच," असं म्हणून ती त्याच्याबरोबर राहिली आणि आमच्या लग्नानंतर आमच्याबरोबर. दर रविवारी देवळातही यायची. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. आधी गाण्यांसाठी यायची, मग उपदेशासाठी, आणि मग, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "त्या येशूसाठी. गरीब हा तो."

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. पावाचे छोटे चौकोनी तुकडे कापून ताटात मांडलेले, आणि ते ताट बाकाबाकावरून फिरायचं. सासूबाई शेवटच्या बाकावर बसत. ताट त्यांच्यापर्यंत येई आणि त्यांच्यासमोरून पलीकडे जाई, कारण त्या बाप्तिस्मा घेतलेल्या नव्हत्या. जेवायला बोलवावं आणि पाटावरून उठवावं, तसं ते दिसायचं. ताट पुढे गेलं की प्रत्येक वेळी त्या पदर सारखा करायच्या. त्यांना त्या पंगतीत बसायचं होतं. एवढं एकच हवं होतं त्यांना, आणि मध्ये नरक आडवा आला.

तो कसा आला तेही सांगते. त्या रविवारी पाळकसाहेबांनी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेवटल्या पुस्तकातून वाचलं. अग्निसरोवरात कोणाकोणाचा वाटा आहे, त्याची तिथे यादी आहे. खुनी आहेत, जादूटोणा करणारे आहेत, आणि शेवटी खोटं बोलणारे आहेत, एकूण एक. पाळकसाहेब उंच, काळेसावळे, आवाज खणखणीत. 'खोटं बोलणारे' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की पुढच्या बाकावरची पोरं दचकली. घरी आल्याबरोबर सासूबाईंनी ती दिवसांची चौकशी केली.

रागाच्या भरात मी विचारलं, "तुम्ही असं काय मोठं खोटं बोललात हो, एवढं घाबरायला?"

"मी नाय गो. ह्येचो बापूस." त्यांनी माझ्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट केलं. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला तेव्हा माझे यजमान अंगावर पीत होते. घरात दाणा नव्हता. सासरे रोज सकाळी बाहेर पडायचे आणि दुपारी एक भाकरी घेऊन यायचे, फडक्यात बांधलेली. ती बायकोपुढे ठेवायचे. ती म्हणायची, तुम्ही? ते म्हणायचे, "मी जेवलंय. संपवाल्यांची खानावळ आसा, थय जेवलंय." ती निमूटपणे अख्खी भाकरी खायची, कारण पोराला दूध हवं होतं. पुढे सासरे छातीच्या दुखण्याने गेले. बाराव्याला आलेला त्यांचा जोडीदार सहज बोलून गेला, की कसली खानावळ नि कसलं काय, वहिनी, आम्ही शिवडीच्या गोदामांवर हमाली शोधत फिरायचो आणि मिळाली तर एक भाकरी यायची.

"सा म्हैने," सासूबाई म्हणाल्या. "रोज खोटा बोललो माझो घोव. आणि मी जेवलंय. आता तो थय जळतलो आणि मी तुझ्या त्या ताटातलो पाव खातलंय? कायम?"

मी म्हणाले, "आई, त्यांनी येशूला ओळखलं नव्हतं, खोटं ही नंतरची गोष्ट." म्हणजे मी आगीत तेलच ओतलं. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

ही गोष्ट मी मंडळीत सांगितली आणि मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड मारल्यासारखं झालं. तेव्हा मला कळलं, की नरकाबद्दल आमच्या देवळात मुळीच एकमत नव्हतं. फक्त तोवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

पाळकसाहेबांचं मत स्पष्ट. आग खरी, आणि ती कधी संपत नाही. स्वर्गाला आपण कायमचा म्हणतो, मग नरकाला निराळं माप का लावायचं? दुसरा पक्ष मास्तरांचा. हे निवृत्त हेडमास्तर मंडळीच्या पंचांमध्ये होते, दम्याचे रोगी, पण वादात त्यांना कधी दम लागत नसे. ते म्हणत, आग कायमची असेल, पण तिच्यात पडलेला माणूस कायमचा कसा राहील? "चुलीत लाकूड टाकलं की त्याची राख होते. राख किती दिवस ओरडणार?" वाईट माणसाचा नाश होतो, तो संपतो, एवढाच शास्त्राचा अर्थ. तिसरा पक्ष एकट्या नर्सबाईंचा. वाडिया हॉस्पिटलच्या बाजूला प्रसूतिगृहात त्यांची नोकरी आणि रविवारी देवळात पेटी वाजवायची. त्या म्हणत, की नरक हे इस्पितळ आहे. दुखणं जितकं जुनं तितका मुक्काम लांब, पण बरं झाल्यावर कोणी माणसाला कॉटवर बांधून ठेवत नाही. शेवटी सगळे घरी जाणार. पाळकसाहेबांना हे ऐकवत नसे. ते म्हणत, बाई, तुम्ही नुसती पेटी वाजवा.

हा वाद उपासना सुटली की देवळाच्या पायऱ्यांवर सुरू व्हायचा, आणि त्याच पायऱ्यांवर त्याच वेळी दुसराही वाद चालू असायचा. मुंबई कोणाची? ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आधी तीन राज्यांची योजना, मग मुंबई केंद्राकडे, मग द्विभाषिक. रोज दिल्लीहून नवं काहीतरी यायचं आणि लालबाग-परळ पेटून उठायचं. पायऱ्यांवर एका कानात 'सार्वकालिक अग्नी' आणि दुसऱ्यात 'झालाच पाहिजे'. आमचे मास्तर दोन्हीकडे एकाच वेळी भांडायचे, आणि ते आता नरकाबद्दल बोलताहेत की दिल्लीबद्दल, हे कधीकधी कळायचंच नाही.

गोळीबार झाले. माणसं गेली. संचारबंदीत आम्ही खिडक्या लावून बसलो. त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग डोळे मिटून त्यांनी त्या गेलेल्या पोरांसाठी प्रार्थना केली. त्यांना शांती दे, त्यांना जवळ घे, असं म्हणाले. आमच्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मेल्यावर निकाल लागलेला असतो, प्रार्थनेने तो बदलत नाही, असंच खुद्द पाळकसाहेबांनी आम्हाला शिकवलेलं. पंचांमध्ये कुजबुज झाली. मास्तरांनी नंतर त्यांना छेडलंही, की साहेब, आज आपण आमच्या पक्षात आलात की पेटीवाल्या बाईंच्या? पाळकसाहेबांनी पुस्तक काखेत मारलं आणि ते निघून गेले. पुढच्याच महिन्यात ते सत्याग्रहात उतरले, पोलिसांनी त्यांना उचललं आणि ते चार दिवस आत राहून आले. मिशनवाल्यांना ते मुळीच आवडलं नाही. आम्हाला मात्र ते इतके आवडले, की मी त्यांच्यासाठी घावन करून नेले.

सासूबाईंनी हे सगळं पाहिलं होतं. त्या बोलत कमी, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

बाप्तिस्म्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं, तरी प्रश्नोत्तरी शिकायला त्यांची ना नव्हती. मोठ्या माणसाने बाप्तिस्मा घ्यायचा तर आमच्याकडे चाळीस प्रश्नांची एक पुस्तिका पाठ करून सगळ्या मंडळीसमोर उत्तरं द्यावी लागत. पुस्तिका मिशनने छापलेली, पिवळ्या पुठ्ठ्याची. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. मी शाळेत करते तशी युक्ती केली. चाळीस चिंचोके धुऊन एका कापडी पिशवीत घातले. एक प्रश्न, एक उत्तर, एक चिंचोका पिशवीतून काढून बाजूला. पिशवी रिकामी झाली की धडा पुरा. संध्याकाळी स्टोव्ह पेटवायच्या आधी आमचा वर्ग भरायचा. "देव कोण आहे?" टक्. "त्याने जग कसे निर्माण केले?" टक्. त्यांची स्मरणशक्ती अशी, की दोन महिन्यांत मला पुस्तिका हातात धरायची गरज उरली नाही.

एकतिसावा प्रश्न होता, विश्वास न ठेवणाऱ्यांचे मरणानंतर काय होईल? उत्तर एका ओळीचं. ते सदासर्वकाळ नरकाग्नीत राहतील. सासूबाईंना ते पाठ होतं. पण प्रत्येक वेळी तिथे आल्या की त्या तोंड मिटत, एक चिंचोका काढून मुठीत धरत आणि म्हणत, "म्होरे चल." चाळीस झाले की तो मुठीतला पुन्हा पिशवीत टाकत. असं तीन वर्षं चाललं.

शेजारच्या खोलीतल्या बाईंनी त्याच सुमारास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या दारात उभ्या राहून आमचा वर्ग ऐकायच्या आणि हसायच्या. "आजी, कशाला त्या आगीच्या नादी लागताय? आमच्यात या. आम्ही ती सगळी भीती दीक्षा घेतली त्या मैदानातच सोडून आलो."

"तुझा बराच आसा गो," सासूबाई म्हणायच्या. "पण माका तो आवडता. तेका सोडून कशी येऊ? आणि ह्येका सोडून थय कशी जाऊ?" यातला कोण येशू आणि कोण नवरा, हे त्यांना कळायचं. जाताना त्या आपल्याकडची कालवणाची वाटी ठेवून जायच्या.

आणि मग एके दिवशी बातमी आली. मुंबईसह महाराष्ट्र होणार. चाळीच्या गॅलरीतून गॅलरीत आरोळ्या. खालच्या हॉटेलवाल्याने फुकट चहा पाजला. नळावरच्या त्या बाईने मला मिठी मारली, आणि मी, माझी यादी विसरून, तिला. माझे यजमान दवाखान्यातून गुलालाने माखून आले आणि डॉक्टरसुद्धा तसेच बसलेत म्हणाले. त्या गोंधळात सासूबाई शांतपणे पेपरातला नकाशा बघत बसल्या होत्या. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "ही मुंबय, ही आमची? खरां ना? आता कोण परत घेऊचो नाय?"

"नाही, आई. आता नाही घेणार कोणी."

त्यांनी नकाशाची घडी घातली. "मगे पाळकसायबांका सांग. माझी परीक्षा घेवा म्हणान."

मला आनंद झाला. पण एकतिसाव्याचं काय? त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी एक चलाखी केली. परीक्षेत पहिले वीस प्रश्न पाळकसाहेब विचारणार आणि उरलेले वीस मास्तर. मी मास्तरांच्या घरी गेले आणि त्यांना गळ घातली, की तो एक प्रश्न तेवढा गाळा. मास्तरांचे डोळे चमकले. तो प्रश्न त्यांनाही नापसंतच होता. "पंचवीस वर्षं तो खोटा प्रश्न विचारतोय मी," ते म्हणाले. "तिसाव्यावरून बत्तिसाव्यावर जाईन. कोणाला कळायचंसुद्धा नाही." आम्ही दोघंही मास्तरकी केलेली माणसं, अशा लबाडीची आम्हाला सवय होती. इन्स्पेक्टर आला की कच्च्या पोराला कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक.

परीक्षा उपासनेनंतर झाली. देऊळ भरलेलं. सासूबाई पुढे लाकडी खुर्चीवर बसल्या, धुवट नऊवारी, मांडीवर पिशवी. पाळकसाहेबांचे वीस प्रश्न धडाधड झाले. शेजारच्या तिपाईवर चिंचोके एकामागून एक पडत होते. लोकांना गंमत वाटत होती. मास्तरांनी पुढचे विचारले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग, एकदा खोकून, बत्तीस. सासूबाईंनी डोळे किंचित बारीक केले, पण उत्तर बरोबर दिलं. चाळिसावा झाला. मास्तर पुस्तिका मिटून म्हणाले, "उत्तम! एकही चूक नाही. झालं."

"नाय झाला," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक चिंचोका काढून सगळ्यांना दाखवला. "माझ्याकडे येक उरलो आसा. एकतिसावो रवलो, मास्तर."

सगळ्या देवळाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. चिंचोक्यांची युक्ती माझी आणि ती माझ्याच अंगाशी आली होती. वाचता येणारी बाई असती तर एक प्रश्न गळाल्याचं तिच्या ध्यानातही आलं नसतं.

पाळकसाहेब उठून उभे राहिले. "आई, तो प्रश्न मी विचारतो. विश्वास न ठेवणाऱ्यांचे मरणानंतर काय होईल?"

"माका पाठ आसा," सासूबाई म्हणाल्या. "पण मी ता म्हणूचंय नाय. खोटा बोलणाऱ्यांचा काय होता ता तुमीच वाचून दाखयलात."

कोणीतरी मागे हसलं आणि गप्प झालं. पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे नरक नाही असं तुमचं म्हणणं?"

"आसतलो. मी खय नाय म्हणतंय? पण पाळकसायब, दर रविवारी तुमी म्हणतास ना, येशू मेलो तो खाली अधोलोकात उतारलो, आणि मगे वर इलो?"

"हो. आपल्या मतांगीकारात तसंच आहे."

"मगे जिनो आसा थय. एकदा एक माणूस उतारलो आणि वर इलो म्हणजे जिनो आसा. आणि जिनो आसा तर तो वर येताना कोणाचो तरी हात धरून इलोच आसतलो. येकटो कित्याक येतलो? तसो नाय तो."

मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, आमच्या विश्वासाचा कबुलीपाठ असलेला तो मतांगीकार हजारदा तरी म्हटला असेन. त्या ओळीवरून मी दर रविवारी भरधाव निघून गेले होते.

पाळकसाहेब सहज हार मानणारे नव्हते. "आई, देवाने जे कायमचं ठरवलं, ते कायमचं असतं."

"दिल्लीवाल्यांनी पण कायमचाच ठरवल्यानी होता," सासूबाई म्हणाल्या. "मुंबय गावूची नाय. तुमी ऐकलात? चार दिस आत बसलात तुमी. आज गावली ना मुंबय?"

आता मात्र हसू आवरेना. मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी हात वर करून त्या थांबवल्या. "देव म्हणजे काय दिल्ली आहे का, आई?" ते जवळजवळ ओरडले.

"ताच सांगतंय मी," सासूबाई म्हणाल्या. "दिल्ली ऐकता, तर देव ऐकूचो नाय? तेच्यापेक्षा तो बरोच आसतलो ना?"

पाळकसाहेब शास्त्र उघडून पानं चाळू लागले. तेवढ्यात पेटीमागून नर्सबाई उभ्या राहिल्या. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, पण त्या बोलल्या. "साहेब, बाप्तिस्म्याच्या विधीत उमेदवाराला तुम्ही काय विचारता? ख्रिस्तावर विश्वास आहे का, पापाचा त्याग करतेस का. त्यात नरकाचा प्रश्न कुठेय? तो या पिवळ्या पुस्तिकेत आहे. आणि ती तर मिशनने छापलीय."

"ऐका, ऐका!" मास्तर म्हणाले. नाशवाले आणि इस्पितळवाले त्या दिवशी पहिल्यांदा एका पक्षात आले.

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. शेवटी म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. ते मी शास्त्रातून घेतलंय. पण यांना मी अडवणार नाही. कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहावं."

कोणी उभं राहिलं नाही. सासूबाईंनी हातातला चिंचोका तिपाईवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता झाला."

महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस रविवार होता, आणि महिन्याचा पहिला रविवार. सकाळपासून परळ जागं होतं. दारांवर तोरणं, रस्त्यात रांगोळ्या, दूरवरून ढोल. देवळात जाताना सासूबाईंनी मला दोनदा थांबवलं, फक्त लोकांकडे बघायला. त्या वेळी माझी छाती अशी भरून आली होती, की वाटलं, आता मला कोणाचंही वाईट चिंतता येणार नाही. ते काही फार दिवस टिकलं नाही, पण त्या दिवशी ते खरं होतं.

बाप्तिस्मा झाला. पाणी डोक्यावरून ओघळून त्यांच्या कुंकवाविना कोऱ्या कपाळाच्या सुरकुत्यांत शिरलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. माझे यजमान माझ्या शेजारी उघड रडत होते. मग प्रभुभोजन. नव्याने मंडळीत आलेल्यांना पाळकसाहेब पहिला तुकडा स्वतः देत, पुढे उभं करून. त्यांनी ताट सासूबाईंपुढे धरलं. सासूबाईंनी पावाचा एक तुकडा उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि अगदी सावकाश तो पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली.

मी मधल्या वाटेने पुढे धावणार होते. यजमानांनी माझा हात धरला.

पाळकसाहेब तसेच उभे होते. ताट हातात. बाहेर ढोल वाजत होता. "आई," ते हळूच म्हणाले, पण पुढच्या बाकापर्यंत ऐकू आलं. "तुम्ही खाल्लं नाहीत."

"मी जेवलंय," सासूबाई म्हणाल्या.

ते शब्द कुणाचे, हे आम्हा घरच्यांना माहीत होतं. मंडळीत ती गोष्ट मीच पसरवली होती, तेव्हा पाळकसाहेबांनाही माहीत होतं. त्यांनी एकदा त्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. मग ताट पुन्हा उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"खोटं बोलू नका, आई," ते म्हणाले. "तो त्यांचा झाला. आता तुमचा घ्या."

सासूबाईंनी दुसरा तुकडा घेतला आणि खाल्ला.